सहाव्या वर्षीची दाढ आणि आमचा घटलेला आकडा



या अहवालाच्या अखेरीस विभागवार कामाचा तक्ता जोडलेला आहे. त्यातील ‘शालेय दंततपासणी’ या सदराखालील आकडा मागील वर्षांच्या तुलनेत बराच खाली आलेला आपल्या नजरेस येईल. हा मुद्रणदोष नाही. दंतविभागाचे काम मंदावले असेही नाही. हा आकडा आम्ही विचारपूर्वक घटू दिला आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत याविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि तो रास्तच होता. ज्यांच्या देणगीवर हा उपक्रम चालतो त्यांनाही त्याचे उत्तर मिळाले पाहिजे, म्हणून हे टिपण.

आजवरची आमची पद्धत अशी होती. स्नेहसंमेलनांच्या धामधुमीतून शाळा आम्हांस एखादा दिवस देत. आमचे दंतवैद्य, एक परिचारिका आणि एक मदतनीस आरसे व विजेऱ्या घेऊन जात. व्हरांड्यात रांग लागे आणि पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले एकामागून एक ‘आ’ करून पुढे सरकत. कीड दिसली की मुलाच्या हाती चिठ्ठी दिली जाई : ‘पाल्यास दंतोपचारांची आवश्यकता आहे, रुग्णालयात आणावे.’ शेवटी टूथब्रशचे वाटप, मुख्याध्यापकांकडून गुलाबपुष्प आणि एक छायाचित्र. ते छायाचित्र याच अहवालाच्या पानांवर आम्ही अनेक वर्षे छापत आलो आहोत.

पुढे एकदा आमच्या दंतवैद्यांनी एका शाळेत जाताना तेथील मागील वर्षाच्या नोंदी सोबत नेल्या. पूर्वी ज्यांना चिठ्ठी दिली होती त्यांतील बहुतेक मुलांच्या तोंडात तीच कीड, अधिक खोल गेलेली, आढळली. काही चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशीच राहिल्या होत्या. काही घरी पोहोचल्या होत्या, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जपूनही ठेवल्या होत्या. पण मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याच्या गावी येणे कोणास जमले नव्हते. आम्ही तोंडे मोजत होतो. त्या तोंडांत पुढे काय घडले याची नोंद आमच्याकडे नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा आहे आणि तो येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

त्याच सुमारास बाह्यरुग्ण विभागात घडलेला एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. पाचवीत शिकणारी एक मुलगी वडिलांसह आली होती. गाल सुजलेला, ताप, दोन रात्रींची झोप नाही. खालच्या जबड्यातील एक दाढ पार पोखरली गेली होती. कड्यांचे अवशेष तेवढे उरले होते. काढण्यावाचून उपाय नाही असे दंतवैद्यांनी सांगताच वडिलांचा चेहरा हलका झाला. ते म्हणाले, “काढून टाका की डॉक्टर. दुधाचीच हाय न्हवं? दुसरी येतीयाच.” दंतवैद्य क्षणभर थांबले आणि म्हणाले, “दादा, ही दुसरीच आहे. हिच्यानंतर कोणी येणार नाही.”

त्या गृहस्थांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. ते कामाचा खाडा करून लेकीला घेऊन आले होते. या वयात दात पडतात व नवे येतात, हे त्यांना ठाऊक होते. एकच गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि शाळेत वर्षानुवर्षे जाऊनही ती आम्हीही सांगितली नव्हती.

ती गोष्ट अशी. मुलाच्या तोंडात दुधाचे वीस दात असतात. सहाव्या वर्षाच्या आगेमागे पुढचे पटाशीचे दात हलू लागतात आणि साऱ्या घराचे लक्ष तिकडे जाते. पडलेला दात कौलावर फेकण्याची हौस होते, बोळक्या हसण्याचे कौतुक होते. नेमक्या याच काळात, पार मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीशी, हिरडीतून एक नवी दाढ वर येते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो. ना दात हलतो, ना रक्त येते, ना कोणाला सांगण्यासारखे काही घडते. घरातील मंडळी तिला दुधाच्या दाढांपैकीच एक समजतात. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ असते. अशा चार दाढा येतात, वर दोन व खाली दोन. पुढील साठ-सत्तर वर्षे चावण्याचा मोठा भार त्यांनीच उचलायचा असतो आणि मागाहून येणाऱ्या दातांची रांग व वरच्या-खालच्या दातांचा मेळही बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असतो.

एवढ्या महत्त्वाच्या दाढेचे बालपण मात्र फार धोक्याचे असते. ती हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर ती शेजारणीपेक्षा खाली बसलेली असते. मूल ब्रश फिरवते तो शेजारच्या उंच दाढांवरून जातो, हिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद चरी असतात. त्यांतील कित्येक इतक्या निरुंद असतात की ब्रशचा केसही आत शिरत नाही. त्यात नव्याने उगवलेल्या दातावरील इनॅमल अद्याप पुरते पक्के झालेले नसते. लाळेतील क्षार शोषून ते पुढे हळूहळू कणखर बनते. शाळकरी वयात कायमच्या दातांना लागणारी कीड बहुतांशी दाढांच्या या चरींतूनच सुरू होते, ती यामुळे.

‘कीड’ या आपल्या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. दात किडला म्हटले की आत अळी शिरल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतील किडे पाडून दाखवणारे पूर्वी गावोगाव असत, आणि आजही कोणी आजी तो उपाय सुचवते. दातात अळी नसते, हे फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. तोंडातील जंतू साखर आंबवून आम्ल तयार करतात व ते आम्ल दात विरघळवते, ही उपपत्ती विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केली. तिची मुख्य चौकट आजही ग्राह्य मानली जाते.

आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे दंतवैद्यांनी सांगितलेले रसायनशास्त्र आम्हांस जमाखर्चाच्या भाषेत उमगले; तसेच येथे मांडतो, जाणकारांनी क्षमा करावी. दाताचे इनॅमल जवळजवळ संपूर्ण खनिजाचे असते आणि त्यात जिवंत पेशी नसतात. त्यामुळे मोडलेले हाड जसे सांधते तसे ते पुन्हा वाढत नाही. दातावरील चिकट थरात जंतूंची वस्ती असते. मुलाने गोड खाल्ले की ते जंतू काही मिनिटांतच आम्ल निर्माण करतात. थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. हा खर्च. मग लाळ आपले काम करते. ती आम्ल निवळते आणि विरघळलेले क्षार दातात परत भरते. ही जमा. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरील थराच्या पीएचचा आलेख काढून दाखवला. साखर लागताच तो झपाट्याने घसरतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो.

म्हणून दिवसभरात साखर एकूण किती खाल्ली याइतकाच, किंबहुना अधिक, ती किती वेळा खाल्ली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सणाच्या दिवशी जेवणाबरोबर चार पुरणपोळ्या खाणाऱ्या मुलाच्या खात्यावर खर्चाची एक नोंद पडते. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, शाळेच्या वाटेवर लिमलेटची गोळी, मधल्या सुट्टीत चिक्की, वर्गात कोणाच्या वाढदिवसाचे चॉकलेट आणि संध्याकाळी पुन्हा बिस्किट, असे थोडे थोडे खाणाऱ्याच्या खात्यावर पाच नोंदी पडतात आणि लाळेला भरपाईस उसंत मिळत नाही. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही हेच दिसले होते. जेवणाच्या मधल्या वेळेत खाल्लेले, दाताला चिकटून राहणारे गोड सर्वांत घातक ठरले. हे ज्ञान ज्यांच्याकडून मिळाले ती माणसे मतिमंदांसाठीच्या संस्थेत राहणारी होती आणि त्यांची संमती कोणी घेतली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही.

पालक आम्हांस गुळाविषयी हटकून विचारतात. गूळ नैसर्गिक असला तरी तोंडातील जंतूंना साखर व गूळ यांत फरक करण्याचे कारण नाही, शिवाय तो चिकट. संक्रांतीला तिळगूळ जरूर द्यावा. मात्र मुलाच्या खिशात तो दिवसभर असू नये. जेवल्यावर खळखळून चूळ भरण्याची आपली जुनी सवय अन्नकण धुऊन काढण्यास उपयोगी आहे. शाळेत दुपारच्या भोजनानंतर नळाशी रांग लावून चुळा भरून घेणारे काही शिक्षक आमच्या पाहण्यात आहेत. त्यांचे आम्हांस कौतुक वाटते.

हा ऱ्हास प्रारंभी दिसतो तो पांढऱ्या, निस्तेज डागाच्या रूपाने. त्या टप्प्यावर तो परतवता येतो. इनॅमलला एकदा खड्डा पडला की मग परतीची वाट नाही. भरणे, रूट कॅनाल किंवा काढणे एवढेच पर्याय उरतात. फ्लुओराइडचे मुख्य कार्य याच पहिल्या टप्प्यावर असते. ते दातावर असताना जमेची बाजू वेगाने भरते आणि भरलेले क्षार आम्लाला अधिक दाद देत नाहीत. यासाठी १००० पीपीएमच्या आसपास फ्लुओराइड असलेली साधी टूथपेस्ट पुरते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी व त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तेवढीची गरज नसते. झोपेत लाळ फार कमी स्रवते, त्यामुळे रात्रीचे दात घासणे सकाळच्यापेक्षाही मोलाचे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात दाढेपर्यंत नीट पोहोचत नाही. आई-वडिलांपैकी कोणीतरी ब्रश हाती घ्यावा. राखुंडीने दात खरवडले जातात. मशेरी तर तंबाखूच होय, आणि आजीच्या मांडीवर बसून बोटभर मशेरी लावणारी मुले आम्ही आजही पाहतो. त्याविषयी आमचे दंतवैद्य आजींशीच बोलतात, मुलांशी नव्हे.

यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील नातेवाईकांकडे गेलेले काही पालक फ्लुओराइडच्या नावाने धास्तावून परत येतात. तेथील काही गावांच्या भूजलात फ्लुओराइडचे प्रमाण अधिक असल्याने दातांवर डाग पडतात व हाडांनाही विकार जडतो, हे खरे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तो प्रश्न पोटात जाणाऱ्या फ्लुओराइडचा आहे. वाटाण्याएवढी पेस्ट दातांना लावून थुंकून टाकणे ही निराळी गोष्ट. तशा पाण्याच्या गावी राहणाऱ्यांनी लहान मुलांपुरता दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

आता आमच्या बदललेल्या कामाकडे वळतो. दाढेच्या चरी कीड लागण्यापूर्वीच बुजवून टाकता येतात. या लेपास सीलंट म्हणतात. दाढ स्वच्छ करून कोरडी करायची, सौम्य आम्लाने तिचा माथा क्षणभर खरबरीत करायचा, धुऊन पुन्हा वाळवायचा, पातळ राळ चरींत ओतायची आणि निळ्या प्रकाशाने ती कठीण करायची. इंजेक्शन नाही, कोरणे नाही, दुखणे नाही. एका दाढेस काही मिनिटे पुरतात. अडचण एकच, लाळेचा थेंब लागला की लेप धरत नाही. मूल चुळबुळे असेल किंवा दाढ अर्धीच वर आली असेल तर ओलावा काहीसा सहन करणारे ग्लास आयोनोमर वापरतात. ते तितके टिकत नाही, पण दाढ पुरती वर येईतो राखण करते.

चरी बुजवण्याचा योग्य काळ दाढ आल्याबरोबरचा. म्हणून आता आम्ही सर्व वर्ग तपासत नाही. पहिली व दुसरी पाहतो, सहाव्या वर्षीच्या दाढेसाठी. आणि सातवी पाहतो, बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेसाठी. व्हरांड्यातील रांग गेली. त्या जागी घडीची खुर्ची, लहान कॉम्प्रेसर व दिवा यांसह एकाच शाळेत आम्ही दोन-दोन, तीन-तीन दिवस मुक्काम करतो. पूर्वी एका दिवसात जेवढी तोंडे पाहिली जात त्यांचा लहानसा भागच आता होतो. तक्त्यातील आकडा घटला तो येथे.

इतर वर्गांतील मुलांना आम्ही वाऱ्यावर सोडले आहे काय, असा प्रश्न एका विश्वस्तांनी केला. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकांच्या शालेय तपासणीत दातांची कीडही येते. तीच तपासणी आम्ही पुन्हा करून दोन आकडे वाढवण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या यादीतील मुलांसाठी शनिवारचा दंतविभाग आम्ही राखून ठेवला आहे, कारण त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि आठवडी बाजारामुळे पालकांचे गावात येणे होतेच.

गळीत हंगामात आमच्या तालुक्यात ऊसतोडणीची कुटुंबे येतात. दिवाळीच्या सुमारास येणारी ही माणसे हंगाम संपताच परत जातात. कोप्यांवर राहणाऱ्या त्यांच्या मुलांची नावे येथील हजेरीपटावर नसतात, म्हणून शाळेतील आमच्या कोणत्याही शिबिरात ती कधी आली नाहीत. फ्लुओराइडचे वार्निश दर सहा महिन्यांनी लावावे लागते, आणि सहा महिन्यांनी ही मुले येथे नसतात. एकदाच भेटणाऱ्या मुलाला चरी बुजवून देणे अधिक शहाणपणाचे, असे ठरवून आमचे पथक संध्याकाळी फडावरून माणसे परतल्यावर कोप्यांवर जाऊ लागले आहे. उजेड कमी, पाणी कमी आणि मुले दमलेली असतात. एका फेरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुले होतात.

ज्या दुधाच्या दाढा अगोदरच किडल्या आहेत त्यांचे काय, हा पालकांचा प्रश्न उरतो. पडणारच आहेत म्हणून त्या सोडून देऊ नयेत. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. ठणका आणि गळू मुलाचे जेवण, झोप व शाळा तिन्ही बिघडवतात. वेळेआधी दाढ काढावी लागली तर मागची सहाव्या वर्षीची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा खाते. कोरणे जमत नसलेल्या लहान मुलांत सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड हे द्रावण लावून कीड थोपवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लुओराइड टूथपेस्ट व ग्लास आयोनोमर यांच्यासह त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. त्याने किडलेला भाग काळा पडतो, तेव्हा आईला आधी छायाचित्र दाखवूनच आम्ही संमती घेतो.

हा प्रश्न आपल्या तालुक्याचाच नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांत दंतक्षय आढळला होता. जगभरात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाचा अंदाज आहे.

देणगीदारांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावीशी वाटते. आपल्या एका हितचिंतकांनी दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ दंतविभागास दुसरी खुर्ची देऊ केली होती. खुर्ची दिसते, तिच्यावर नाव कोरता येते, उद्घाटन होते. न किडलेल्या दाढेवर पाटी लावता येत नाही. आम्ही संकोचत त्यांना विनंती केली की खुर्चीऐवजी दोन वर्षांचे सीलंटचे साहित्य आणि गाडीचा खर्च आपण उचलावा. त्यांनी एक दिवस विचारासाठी घेतला, पथकासोबत एका शाळेत जाऊन बसले आणि होकार कळवला. घडीच्या खुर्चीच्या पेटीवर त्यांच्या वडिलांचे नाव आम्ही रंगवून घेतले आहे. ते गावोगाव फिरते.

संमतिपत्रांची अडचण अद्याप आहे. काही घरांतून पत्र कोरेच परत येते. चौकशी केली तर ‘दाताला छिद्र पाडून औषध भरणार’ अशी समजूत निघते. आता पत्रासोबत पालकसभेत दंतवैद्य स्वतः उभे राहतात आणि एका मुलाच्या दाढेवर सर्वांसमक्ष लेप लावून दाखवतात. घरी पाहू इच्छिणाऱ्यांस त्यांचे सांगणे सोपे असते : दिवसाउजेडी मुलास दारात बसवावे, पुढील दोन दातांच्या मधून एका बाजूस मोजत जावे, आणि सहाव्या वर्षानंतर मागे सहावा दात लागला तर ती कायमची दाढ समजावी.

पुढील वर्षापासून तक्त्यात या सदराखाली तीन रकाने असतील : तपासलेली मुले, चरी बुजवलेल्या दाढा, आणि वर्षानंतर पुन्हा पाहता लेप शाबूत असलेल्या दाढा. तोंडांच्या तपासणीचा जुना एकच आकडा आम्ही बंद करीत आहोत. नव्या कामास वर्ष पूर्ण होईतो तिसरा रकाना कोरा राहील. तो कोरा का, असा प्रश्न बैठकीत निघाल्यास हे टिपण सोबत ठेवावे, ही विनंती.